डिझेलमध्ये ॲडिटिव्ह टाकावं का? पंप-नोझलवाल्याचं उत्तर

बारामती तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय: "माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, साध्या पंपाचा. तासमीटर ३,००० च्या पुढे गेलंय. रोटर (रोटाव्हेटर) चालवताना काळा धूर वाढलाय, डिझेलही जास्त खातोय असं वाटतं. दुकानदाराने ॲडिटिव्हची, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायच्या औषधाची, बाटली दिलीय, ३५० रुपयांची, १०० लिटरला एक. १५ टक्के डिझेल वाचेल म्हणतो. शेजारी टूटी ऑइल (दुचाकीच्या पेट्रोलमध्ये घालायचं) टाकतो, चुलते म्हणतात थोडं रॉकेल घाल. पुढच्या वर्षी ५५ एचपीचा नवा घ्यायचाय, त्यालाही असलं काही लागेल का?"

आधी थेट उत्तर देतो. तुमच्या ट्रॅक्टरला आज बाटलीची गरज नाही. टूटी नको, रॉकेल तर अजिबात नको. काळ्या धुराचं कारण वेगळीकडे आहे, ते शोधून दुरुस्त करा. ॲडिटिव्ह ही सगळी फसवणूक आहे असं मात्र मी म्हणत नाही. ती खरंच उपयोगी पडते अशा दोन-तीन वेळा असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारं नोझल, यांच्याच कामात माझं आयुष्य गेलं. ॲडिटिव्ह न टाकल्यामुळे बिघडलेला पंप ओळखून दाखवा म्हटलं तर मला अवघड जाईल. पाण्याने, धुळीने आणि भेसळीने गेलेले पंप मात्र दर हंगामात टेबलावर येतात.

१५ टक्क्यांचा हिशोब बघू. धडधाकट डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये गेलेल्या डिझेलपैकी ९८ टक्क्यांच्या वर जळतंच. त्यातून निघालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश फ्लायव्हीलपर्यंत पोचते, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. हे गणित इंजिनाच्या बांधणीवर ठरलेलं असतं, बाटलीतल्या औषधाने ते बदलत नाही. न जळलेलं शिल्लकच टक्का-दोन टक्के असताना १५ टक्के बचत येणार कुठून? नोझलवर कार्बन चढून इंजिन बिघडलेलं असेल, तर चांगलं डिटर्जंट (कार्बन धुऊन काढणारं ॲडिटिव्ह) गेलेलं थोडं परत मिळवून देईल. ते नव्याने कमावलेलं काही नसतं, आपलंच गेलेलं परत आलेलं असतं.

आता पैशाचा हिशोब. वर्षाला ७०० तास काम आणि तासाला सरासरी ४ लिटर धरलं तर २,८०० लिटर होतात. बाटलीचा खर्च लिटरमागे साडेतीन रुपये, म्हणजे वर्षाला ९,८०० रुपये. डिझेल ९० रुपये धरा. नुसते हे पैसे भरून निघायलाच जवळपास ४ टक्के बचत व्हायला हवी. एवढ्या पैशात डिझेल फिल्टर वेळच्या वेळी बदलून होतात, नोझल टेस्ट करून होतात, एअर क्लीनरचं ऑइल होतं, आणि तरी पैसे उरतात.

"पण टाकल्यावर फरक जाणवला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांचं मोजमाप चुकतं. एका रानात वाफसा चांगला असतो, दुसऱ्यात जमीन चिकटते. एका दिवशी रोटर चार इंच खोल असतो, दुसऱ्या दिवशी सहा. एवढ्यानेच डिझेल दहा-पंधरा टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतं. खरंच तपासायचं असेल तर तेच रान, तोच गिअर, तेच आरपीएम आणि तीच खोली ठेवा. टाकी गळ्यापर्यंत भरून सुरुवात करा, संपल्यावर सपाट जागी उभा करून मापाने परत तेवढीच भरा. असं चार-पाच वेळा बाटली टाकून आणि चार-पाच वेळा न टाकता करा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथे डिझेलचा खप डायनॅमोमीटरवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ठराविक लोड देऊन मोजतात, ते यासाठीच. आपल्या मॉडेलचा बुदनीचा रिपोर्ट मिळाला तर जरूर वाचा, कुठल्या आरपीएमला इंजिन कमी पितं ते त्यात दिसतं.

तुमच्या काळ्या धुराकडे येतो. काळा धूर म्हणजे जेवढी हवा आहे त्यापेक्षा डिझेल जास्त पडतंय. पहिल्यांदा हवा बघा. ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर खालची वाटी काढा. रोटरच्या दिवसांत तिच्यात ऑइलऐवजी घट्ट काळा गाळ बसलेला असतो. वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरा, खुणेच्या वर भरू नका. वरची जाळीही अधूनमधून डिझेलने धुऊन निथळून घ्या. धुळीच्या कामात हे रोज बघायचं असतं आणि तेच लोक टाळतात. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज आणि क्लिप बघा. क्लिप सैल असेल तर तिथून न गाळलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि लायनर-रिंग खाते.

हवा ठीक असेल तर पंपाचं सील शाबूत आहे का बघा. ट्रॅक्टर "ओढत नाही" म्हणून सील तोडून डिझेल वाढवून देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. स्क्रू फिरवला की दोन दिवस ताकद वाढल्यासारखी वाटते, मग धूर सुरू होतो, आणि पुढे पिस्टन तापतो. सेकंड हँड घेतलेल्या ट्रॅक्टरमध्ये तर हे हमखास तपासा. यावर उपाय पंप टेस्ट बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणण्याचाच आहे.

यानंतर नोझल. ३,००० तास झालेत, एकदा काढून बघायलाच हवेत. नोझल हँड टेस्टरवर लावून दांडा मारला की सुईचा कर्र-कर्र आवाज आला पाहिजे आणि प्रत्येक भोकातून सारखं, धुक्यासारखं फवारलं पाहिजे. दांडा सोडल्यावर टोक कोरडं राहिलं पाहिजे. आजारी नोझलचं एखादं भोक बंद असतं, दुसऱ्यातून पिचकारीसारखी सरळ धार जाते आणि टोकाला डिझेलचा थेंब लोंबकळत राहतो. तो थेंब सिलिंडरमध्ये नीट जळत नाही, त्याचाच कार्बन टोकावर चढतो. (टेस्टरसमोर हात आणू नका. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसतं, आणि तशी जखम बाहेरून बारीक दिसली तरी तातडीने दवाखान्यात न्यावी लागते.)

डिटर्जंट ॲडिटिव्हचा खरा उपयोग इथे आहे, आणि तोही अर्धाच. कार्बन भोकाभोवती किंवा सुईच्या टोकाशी बसला असेल तर चांगलं डिटर्जंट काही टाक्यांमध्ये तो सैल करतं. पण सुईची सीट झिजली असेल, स्प्रिंग बसून प्रेशर उतरलं असेल किंवा टीपला तडा गेला असेल तर कुठलंही रसायन लोखंड परत आणत नाही. म्हणून टाकीत बाटल्या ओतत बसण्यापेक्षा नोझल काढून टेस्ट करणं स्वस्त पडतं. दोष काय आहे ते डोळ्यांना दिसतं. तेल कंपन्यांचं प्रीमियम डिझेल मिळतं, एक्स्ट्राग्रीन, टर्बोजेट वगैरे. त्यात असलं ॲडिटिव्ह आधीच योग्य मापात मिसळलेलं असतं. फारच वाटलं तर अनोळखी बाटलीपेक्षा मधूनमधून एखादी टाकी तसल्या डिझेलची भरा, ते जास्त भरवशाचं. तुमच्याकडची बाटली डिटर्जंटची असेल आणि तसं लेबलवर लिहिलेलं असेल, तर नोझल टेस्ट करून घेतल्यावर दिलेल्या मापात वापरून संपवा, दुसरी आणू नका. दुप्पट टाकून दुप्पट फायदा होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावतोय ती सांगतो. ती म्हणजे पाणी.

गेल्या पावसाळ्यानंतर एक ट्रॅक्टर आला. जून ते सप्टेंबर गोठ्याच्या पडवीत उभा, टाकी अर्धी. दसऱ्याला सुरू केला तर मिसिंग, मग बंद. पंप खोलला तेव्हा प्लंजरच्या (पंपातल्या दट्ट्याच्या) आरशासारख्या अंगावर तपकिरी ठिपके होते आणि बोट फिरवल्यावर ते नखाला लागत होते. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ती नळी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. एवढ्या फटीत गंजाचा ठिपका म्हणजे तो एलिमेंट (प्लंजर-नळीची जोडी) गेला. मालकाने टाकीत न चुकता महागडं ॲडिटिव्ह टाकलेलं होतं. पण डिझेल फिल्टरखालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू वर्षभर कुणी सैल केलेला नव्हता. तो फिरवल्यावर आधी पाणी आलं, मग गढूळ, मग डिझेल.

हे पाणी येतं कुठून? बहुतेकांना वाटतं पेट्रोल पंपावरच्या डिझेलमधून. आपल्याकडच्या आयएस १४६० या मानकात डिझेलमध्ये पाणी जास्तीत जास्त किलोमागे २०० मिलिग्रॅम चालतं. ५० लिटरच्या टाकीत ते ८ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि सहसा विरघळलेलंच असतं. टाकीतल्या रिकाम्या जागेत रात्री दव धरतं हेही खरं, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवायची सवय चांगली. पण ४० लिटर दमट हवेत सगळं मिळून पाणी ग्रॅम-दीड ग्रॅमच असतं. वाटीभर पाणी येतं ते आपल्याच डिझेल साठवायच्या बॅरलमधून, कॅनमधून आणि टाकीच्या झाकणातून. बॅरल पावसात उभा असतो, वरच्या कडेत पाणी साचतं. दिवसा बॅरल तापून हवा बाहेर फेकतो, रात्री गार होऊन आत ओढतो. बूच थोडं जरी सैल असलं तरी त्या ओढीबरोबर साचलेलं पाणी आत जातं. वरून काही कळत नाही.

तेव्हा बॅरल छपराखाली ठेवा. बाहेरच ठेवायचा असेल तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं आडव्या रेषेत आणि डिझेलच्या पातळीखाली येतील असा, म्हणजे त्यांतून हवा-पाणी ओढलं जाणार नाही. आणल्यावर एक दिवस निवळू द्या आणि तळातलं चार बोटं डिझेल ओढू नका. जस्ताचा मुलामा असलेली टाकी किंवा पत्र्याचा डबा डिझेलला वापरू नका. जस्त आणि तांबं डिझेल लवकर खराब करतात आणि जस्ताचे क्षार नोझलवर बसतात. फडक्यातून गाळलं तर फडक्याचे तंतू जातात, बारीक जाळीचं नरसाळं घ्या. टाकीच्या झाकणाचं रबर चार-पाचशे तासांनी बघा, ट्रॅक्टर धुताना प्रेशरचा पाइप झाकणावर मारू नका. आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

"वॉटर रिमूव्हर" म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांबद्दल इथेच सांगतो. त्यांत दोन उलट प्रकार असतात. एक पाणी डिझेलपासून फोडून खाली बसवतो, ते ड्रेन करता येतं. दुसरा, बहुधा अल्कोहोलवाला, पाणी डिझेलमध्ये मिसळून टाकतो. मग ते फिल्टरमधून सरळ पुढे पंपात आणि नोझलमध्ये जातं. कुठला प्रकार आहे हे लेबलवर कळत नसेल तर घेऊच नका. टाकीत पाणी आहे हे कळल्यावर ते काढायची जागा ड्रेन प्लगच.

पाणी राहिलं की त्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. आपल्याकडे लोक त्याला शेवाळ म्हणतात. फिल्टर कापला की काळपट-तपकिरी लिबलिबीत थर दिसतो, आंबूस वास येतो, आणि नवा फिल्टरही दोन-चार दिवसांत तुंबतो. इथे बायोसाइड नावाचं ॲडिटिव्ह खरंच लागतं. मात्र क्रम पाळा: टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, पाणी काढा, ताजं डिझेल भरा, मग मापात बायोसाइड टाका. मेलेला थर सुटून येतो, म्हणून फिल्टर दोनदा बदलावे लागतात. हातमोजे घाला, बायोसाइड विषारी असतं. हार्वेस्टर, जनरेटर किंवा वर्षातून दोन महिनेच चालणारी मोठी मशीन असेल, डिझेल सहा-आठ महिने पडून राहणार असेल, तर आधीच खबरदारी म्हणून हे घेणं मला पटतं. रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरला नाही. (इथेनॉल डिझेलमध्येही मिसळतात का, त्याने पाणी होतं का, असं ऊस पट्ट्यातले लोक नेहमी विचारतात. २० टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये आहे. पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉल नाही.)

शेजाऱ्यांच्या टूटीचं मूळ एका खऱ्या भीतीत आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. सल्फर बीएस-३ मध्ये ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५०) होतं, बीएस-४ मध्ये ५०, आता १० वर आलं. सल्फर काढताना रिफायनरीत हायड्रोजनची जी प्रक्रिया होते तिच्यात डिझेलमधले वंगण देणारे नैसर्गिक घटकही जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये असं डिझेल आलं तेव्हा रोटरी पंप खरोखर झिजून गेले होते. पण त्यानंतरच वंगणाची कसोटी मानकात आली. आपल्याकडेही डिझेलला ती कसोटी आहे: ठरलेल्या चाचणीत स्टीलच्या गोळीवर पडणारा घासल्याचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. रिफायनरी त्यासाठी लागणारं रसायन घालूनच डिझेल पाठवते. म्हणजे तुमच्या टाकीत वंगणाचं ॲडिटिव्ह आधीच आहे.

टूटी पेट्रोलबरोबर दुचाकीत जळायला बनवलेलं असतं. जुन्या इनलाइन पंपात थोडं गेलं तर लगेच काही बिघडत नाही, पण मिळतही काही नाही, आणि जास्त झालं तर धूर व कार्बन वाढतो. जळकं इंजिन ऑइल गाळून टाकणारेही आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, थांबा. त्यात धातूचे कण आणि राख असते, ती फडक्याने गाळली जात नाही.

रॉकेलबद्दल तर वाद नको. डिझेलचा घट्टपणा ४० अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असावा लागतो, रॉकेल १ ते दीडच्या आसपास. ते प्लंजरच्या फटीतून मागे गळतं, वंगण देत नाही आणि गरम इंजिन परत सुरू व्हायला त्रास देतं. चुलत्यांच्या काळात थंडीसाठी घालत असतील. आपल्याकडे हिवाळी डिझेलच्या पोर पॉइंटची (ज्या तापमानाखाली ते वाहायचं थांबतं त्याची) मर्यादा ३ अंश आहे. निफाडकडे पारा कधी ४-५ वर उतरला तरी ताज्या डिझेलला सहसा त्रास होत नाही. फक्त उन्हाळ्यातलं साठवलेलं डिझेल त्या थंडीत वापरू नका, कारण उन्हाळी डिझेलची मर्यादा १५ अंश आहे आणि मेण फिल्टरला धरू शकतं. थंडीचा खरा प्रश्न लडाखचा. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं.

सिटेन (डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचा आकडा) वाढवणाऱ्या बाटल्यांचं थोडक्यात. आपल्या डिझेलला किमान सिटेन ५१ लागतोच. सकाळी पांढरा धूर येऊन चालू व्हायला वेळ लागत असेल तर बॅटरी, सेल्फ, टायमिंग आणि कॉम्प्रेशन बघा. हायवेच्या कडेला "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात मिळणारं द्रव घेत असाल तर मात्र कुठलीच बाटली वाचवू शकणार नाही. पावती देणाऱ्या पंपावरूनच घ्या आणि पावती जपा.

डिझेल वाचवायचंच असेल तर ते चाकांत आणि गिअरमध्ये जास्त वाचतं. हलक्या कामाला एक गिअर वर आणि आरपीएम कमी ठेवा, फक्त इंजिन दाबून काळा धूर येऊ देऊ नका. नांगरटीला मागची चाकं फार घसरत असतील तर वजन किंवा टायरमध्ये पाणी भरा. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत घसरण ठीक, त्यापुढे डिझेल मातीत जातं. टायरची हवा मापात ठेवा. आणि पाइपच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसरात्रीत चार लिटरच्या वर जातं, तो वॉशर आजच बदला.

नव्या ५५ एचपीबद्दल. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराच्या प्रदूषणाचे ट्रेम-४ नियम लागू आहेत, म्हणून तुम्हाला बहुधा सीआरडीआय मिळेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल देणारं इंजिन. तिथे रेलमधला दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टरची फट आणखी बारीक असते. जुना पंप जे सोसून घ्यायचा ते हा सोसत नाही. रॉकेल, टूटी, जळकं ऑइल एकदाही नको. मागे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर ऑइलची राख त्यात अडकते आणि जळून जात नाही. मॅन्युअलमध्ये कंपनीने सांगितलेलंच ॲडिटिव्ह चालतं, सांगितलं नसेल तर काहीच टाकू नका, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो. ट्रकवाले टाकतात ते डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणजे युरियाचं पाणी. ते डिझेलचं ॲडिटिव्ह नाही, त्याची टाकी वेगळी असते. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी उतरवून साफ करून घ्या. फिल्टर कंपनीचाच घ्या आणि बसवताना त्यात कॅनमधून डिझेल ओतून भरू नका, कोरडा बसवून प्रायमरने (हातपंपाने) भरा. जुन्या ट्रॅक्टरसारखा चालू इंजिनात पाइपचा नट सैल करून एअर काढायचा प्रयत्न कधीही करू नका, त्या दाबाची धार हात कापते. आणि डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर तास संपवायची वाट न बघता तिथेच बांधावर थांबा, इंजिन बंद करा, ड्रेन करा, आणि त्याच दिवशी बॅरल तपासा.